जोर नको, समोरची कड खाली दाबा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं टायरकडे वळतात. ‘घरच्या घरी टायर बदलता येतो का?’ हा प्रश्न या वेळी बऱ्याच जणांनी विचारलाय. ट्यूबवाल्या साध्या मोटरसायकलचा नक्की येतो. ट्यूबलेसचं वेगळं आहे, ते पुढे येईलच. माझं गॅरेज फलटणला. मी चणीने लहान, वजनाने हलकी, तरी बुलेटचा टायरसुद्धा टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर चढवते. हे काम दंडातल्या ताकदीचं नाही, हे मला प्रत्येक नव्या पोराला शिकवावं लागतं. आज तेच तुम्हाला सांगते.

प्रश्न (आटपाडी) : ताई, वडिलांची २००८ सालची स्प्लेंडर ते गेल्यापासून पडवीत उभी आहे. ती चालू करून कॉलेजला न्यायची इच्छा आहे. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, फक्त बाजूंना बारीक भेगा पडल्यात. गावातले मिस्त्री म्हणतात, अजून दोन वर्षं सहज निघतील. टायर बदलू की राहू देऊ?

उत्तर : बदल. दोन्ही बदल, ट्यूबसकट. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणतोयस याचा मला आनंद आहे, म्हणूनच सांगते, यात काटकसर करू नकोस.

नक्षी बघून टायर चांगला की वाईट ठरवायची आपल्याकडे सवय आहे, कारण चालत्या गाडीचा टायर आधी झिजतो. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो वाळतो. हवेतला ओझोन आणि ऊन रबरावर काम करत राहतात, रबर मऊ ठेवणारी द्रव्यं निघून जातात आणि वरचा थर कडक होतो. हवा नसलेल्या टायरवर गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेली असेल, तर तिथे बाजू मोडून आतले धागे दुखावलेले असतात, ते बाहेरून दिसतही नाहीत. अंगठ्याचं नख नक्षीच्या बटणात दाबून बघ. नव्या रबरात ते थोडं रुततं. तुझ्या टायरवर नुसतं घसरेल. असा टायर कोरड्या रस्त्यावर चालतोय असं वाटतं, पण पहिल्या पावसात डांबरावर ब्रेक दाबला की धरत नाही.

टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे शोध. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा सुरुवातीचा माल. ठसा कधीकधी एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूने बघून ‘नाहीच’ म्हणू नकोस. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी नीट तपासावा, आणि दहा वर्षांपुढे दिसायला कितीही चांगला असला तरी ठेवू नये, असं टायर कंपन्या सांगतात. भेगांतून आतला धागा दिसत असेल तर वय मोजत बसायचं कारणच नाही.

नवा टायर घेतानाही हेच चार आकडे बघ. तालुक्याच्या दुकानात वरच्या फळीवर दोन-तीन वर्षं पडलेला माल ‘नवा’ म्हणून हातात येतो. आयएसआयचा शिक्का बघ. माप मात्र जुन्या टायरवरून घेण्याआधी पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर ताडून घे, कारण मधल्या काळात कोणी चुकीचा टायर बसवलेला असू शकतो. जुन्या स्प्लेंडरला २.७५-१८ असं इंचांतलं माप दिसेल, नव्या गाड्यांवर ८०/१००-१८ असं. दुसऱ्या मापाचा अर्थ, रुंदी ८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, आणि रिम १८ इंची. त्यापुढे ‘४७पी’ असं काही असतं. ४७ म्हणजे तो टायर १७५ किलो भार घेतो, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे आकडे मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर घेऊ नकोस.

प्रश्न (दहिवडी) : ताई, यूट्यूबवर बघून मी पुढचा टायर घरी दोनदा बदलायला घेतला. दोन्ही वेळा नवी ट्यूब पट्टीत सापडून फाटली. शेवटचा वीतभर टायर काही केल्या रिमवर चढत नाही. मी आणि भाऊ दोघं पट्टीवर लोंबकळलो. आमच्या रिमचं माप चुकीचं आहे का?

उत्तर : रिम बरोबर आहे. तुमचा जोर चुकीच्या बाजूला लागतोय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून याला जागा जास्त देते.

टायरची जी कड रिमवर बसते तिच्या आत पोलादी तारा असतात. त्या ताणत नाहीत, दोघं लोंबकळलात तरी नाही. रिमचा काठ मात्र त्या कडेपेक्षा व्यासाने इंचभर तरी मोठा असतो. मग टायर चढतो कसा? रिमकडे आडवं बघा. दोन्ही काठांच्या मधोमध ती खोलगट आहे. टायरची कड एका बाजूला त्या खोलगट भागात उतरली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि तीच ढील वापरून कड काठावरून पलीकडे जाते. तुम्ही पट्टी लावत होता तेव्हा समोरची कड खोलात नव्हती, वर काठाशी बसून राहिली होती. म्हणून वीतभर टायर अडला, तुम्ही जोर वाढवला, पट्टी खोल घुसली आणि ट्यूब चावली.

पट्टीवर जोर लागायला लागला की थांबायचं. हात पट्टीवरून काढून समोरच्या बाजूला न्यायचा, गुडघ्याने किंवा टाचेने तिथली कड खोलात दाबायची, मग परत यायचं. गॅरेजात पोरं दात खाऊन पट्टी ओढताना दिसली की मी एवढंच म्हणते, ‘समोर बघ.’

आता सुरुवातीपासून. पट्ट्या दोन हव्यात, तिसरी असली तर सोय. दहा ते बारा इंची, टोक चमच्यासारखं पसरट आणि गोल केलेलं. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, त्याची धार ट्यूबही कापते आणि टायरची कडही. नव्या पट्टीच्या टोकाला बारीक बुरी असते, ती पॉलिश पेपरने घासून बोट फिरवलं तर लागणार नाही अशी करून घ्या. शिवाय व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, हवेचा पंप, प्रेशर मोजायचा गेज, आणि वाटीभर पाण्यात विरघळवलेला धुण्याचा साबण. साबणाऐवजी ऑइल, ग्रीस, डिझेल लावणारे पुष्कळ आहेत. ते रबर फुगवतं आणि कड कायम निसरडी ठेवते, मग ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो. साबण वाळतो आणि धरतो.

चाक काढल्यावर ते जुन्या टायरवर किंवा दुमडलेल्या गोणपाटावर आडवं ठेवा, म्हणजे ब्रेकचा ड्रम जमिनीवर घासत नाही आणि आत माती जात नाही. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. व्हॉल्व्हचा नट काढा. मग टाचेने रिमच्या अगदी जवळ दाबत दोन्ही बाजूंची कड पूर्ण गोल सुटी करा. वर्षानुवर्षं बसलेला टायर रिमला चिकटलेला असतो. त्याला साबणपाणी पाजा, थोडा वेळ जाऊ द्या, परत दाबा. आमच्याकडच्या उन्हात चाक अर्धा तास ठेवलं तरी रबर मऊ पडतं. नवा टायरही चढवायच्या आधी उन्हात ठेवा. कामाचं निम्मं ओझं तिथेच हलकं होतं, आणि लोक नेमकं हेच टाळून सावलीतला ताठ टायर घेऊन झगडत बसतात.

पहिली पट्टी व्हॉल्व्हच्या बाजूला लावा. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं बूड जाड असतं, त्याने तिथला खोलगट भाग अडतो, कड उतरत नाही. म्हणून ढील व्हॉल्व्हच्या समोरून घ्यायची आणि पट्टी व्हॉल्व्हशेजारी चालवायची. काढतानाही तसंच आणि चढवतानाही शेवट तिथेच. दोन पट्ट्यांमध्ये तीन-चार बोटांचं अंतर ठेवा. एकदम मोठा घास घेतलात की अडलंच. एक बाजू बाहेर आली की ट्यूब ओढून काढा, मग चाक उभं करून टायरची दुसरी कड त्याच बाजूने काढा.

टायर निघाला म्हणून लगेच नवा चढवू नका. रिमच्या आत बघा. स्पोकच्या टोकांवर रबरी पट्टी असते, ती वाळलेली किंवा सरकलेली असेल तर नवी घाला. तिची किंमत किरकोळ असते, आणि ती नसली तर स्पोकचं टोक ट्यूबला आतून टोचत राहतं. एखादा स्पोक निपलच्या, म्हणजे त्याच्या टोकाच्या नटाच्या, वर आला असेल तर कानशीने घासून सपाट करा. गंज तारेच्या ब्रशने काढून फडक्याने पुसा. जुनाच टायर परत वापरत असाल तर त्याच्या आतून फडकं फिरवा, उघडा हात नको. आमच्या भागात बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून बसलेला असतो. फडकं अडकलं की समजायचं, इथे आहे.

फाटलेली ट्यूब टाकून देण्याआधी एकदा बघा, ती बोलते. भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा किंवा खिळा. रिमच्या बाजूला असेल तर स्पोक किंवा सरकलेली रबरी पट्टी. आणि कुशीला जवळजवळ दोन चिरा असतील तर पट्टीत सापडली. तुमच्या दोन्ही ट्यूबांना कुशीलाच चिरा असणार.

नव्या टायरवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. हे आधी बघा, नंतर नको. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हच्या भोकापाशी येऊ द्या, ती टायरची सगळ्यात हलकी बाजू असते आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं. दोन्ही कडांना साबणपाणी लावून पहिली कड हाता-पायाने दाबा, पट्टी लागली तर शेवटी थोडी.

आता ट्यूब. नव्या टायरला नवीच ट्यूब घ्या. जुनी ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती चिरते. ट्यूबवर शंखजिरं हलकं चोळा, म्हणजे ती टायरला चिकटत नाही. पिन बसवा आणि ट्यूब गोल होईल एवढीच हवा भरा, ताठ नको. दहिवडीकर, तुम्ही ट्यूब रिकामी सरकवली असणार. रिकाम्या ट्यूबचा पदर लोंबतो आणि पट्टीखाली येतो. थोडी हवा असलेली ट्यूब टायरच्या पोटात जाऊन बसते. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढा आणि नट दोनच आट्यांवर ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह आत ढकलायला जागा राहते.

दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे या. जिथे कड आत गेली तिथे गुडघा ठेवून ती खोलातच धरून ठेवा, नाहीतर ती मागून वर येत राहते. शेवटच्या वीतभरासाठी पट्टीचं टोक फक्त रिमचा काठ पकडेल एवढंच आत घाला. पट्टी उभी झाली की पुरे. ती पलीकडे कलंडवली की टोक ट्यूबमध्ये जातं, तुमच्याकडे दोन्ही वेळा हेच झालं असणार. दर घासाला बोटभरच पुढे जा. कड आत पडल्यावर व्हॉल्व्ह अंगठ्याने आत ढकला आणि परत ओढा. तो मोकळा हलला म्हणजे ट्यूब कडेखाली दबलेली नाही.

हवा थोडी भरा आणि चाक फिरवून बघा. टायरच्या बाजूला, रिमच्या काठाशी, एक बारीक उठावदार रेघ असते. ती सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसायला हवी, दोन्ही बाजूंना. कुठे बुडाली असेल तर तिथली कड बसलेली नाही. हवा काढा, तिथे साबण लावा, टायर जमिनीवर आपटा, परत भरा. बाजूवर जास्तीत जास्त प्रेशर लिहिलेलं असतं, कड बसवायच्या नादात त्यापुढे जाऊ नका. रेघ सरळ आली की सगळी हवा एकदा सोडून द्या आणि पुन्हा भरा. पहिल्या वेळी ट्यूबला पडलेल्या सुरकुत्या दुसऱ्या वेळी निघतात. मग गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे प्रेशर करा, एकट्याचं वेगळं आणि डबलसीटचं वेगळं असतं.

व्हॉल्व्हचा नट मात्र रिमवर आवळून बसवू नका, तो वर टोपणाकडे नेऊन ठेवा. टायर रिमवर किंचित सरकला तर ट्यूबही सरकते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. नट वर असेल तर तिरका व्हॉल्व्ह लगेच दिसतो, दुरुस्त करायला वेळ मिळतो. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, तोही चालत्या गाडीत.

प्रश्न (चिपळूण) : स्वतः चाक काढून टायर बदलून आणला. पुढचं चाक परत बसवल्यावर ब्रेक मऊ लागतो आणि मधेच चाक अडकल्यासारखं होतं. ब्रेकचे लायनर बदलू का?

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा. हे उत्तर छापून तुमच्या हातात येईपर्यंत वाट बघायला नको म्हणून मी तुम्हाला पोस्टकार्डही टाकलंय.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पुढच्या चाकाची ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एक खाच असते, आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीला एक कान असतो. खाच त्या कानात बसली तरच ब्रेक लागतो. एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, घालताना प्लेट थोडी फिरलेली राहिली, की कान खाचेबाहेर राहतो. हळू चालवताना काही कळत नाही. वेगात ब्रेक दाबला की प्लेट फिरते, केबल गुंडाळते आणि चाक जागीच बंद होतं. एक्सल सैल करून प्लेट हाताने हलवा, खाच कानात गेली की ती जागची हलत नाही. लायनरला नंतर बघू. मीटरची केबलही ब्रेक प्लेटमध्येच बसते, ती नीट बसली नसेल तर चाक फिरवल्यावर काटा हलत नाही.

मागच्या चाकाला तेच काम ब्रेक प्लेटची लोखंडी पट्टी करते. तिचा नट आवळून त्यात नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून परत वापरू नका, ती मोडण्याच्या बेतात असते. स्प्लेंडरसारख्या गाडीत चेन सॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, गाडीलाच राहतं आणि चाक एकटं बाजूला निघतं, त्यामुळे चेन तोडायची गरज नाही. चाक मडगार्डखालून निघत नसेल तर काम सुरू करतानाच मेन स्टँडखाली इंचभर जाडीची फळी सरकवा. बाहेर आलेला बुश कुठल्या बाजूचा, कुठलं तोंड आत, हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बसवताना दोन्ही बाजूंच्या चेन अॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक वाकडं बसतं आणि नवा टायर एका अंगाने खातं. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, दोन ते तीन सेंटिमीटरची ढील ठीक. एक्सलचा नट शेवटचा आवळताना कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. डिस्कची गाडी असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पॅड एकमेकांना भिडतात आणि डिस्क आत जात नाही. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. साबणाचे हात डिस्कला लावू नका.

सगळं झाल्यावर गाडी ढकलत चालवा आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश जा. नव्या टायरवर साच्यातून निघाल्याचा गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत वळणावर गाडी झोपवू नका. परशुराम घाटात तर नकोच.

प्रश्न (नाशिक रोड) : आजोबांची बजाज चेतक आहे. रिम दोन भागांची आहे असं कळलं, म्हणजे पट्ट्यांशिवाय टायर निघेल ना?

उत्तर : निघेल, आणि फार सोपा निघेल. आकुर्डीत बनलेल्या त्या चेतकच्या दहा इंची रिमा दोन अर्ध्या भागांच्या असतात, नटांनी जोडलेल्या. नट काढले की दोन्ही अर्ध सुटतात आणि टायर हातात येतो. स्टेपनी असल्यामुळे गाडीही अडत नाही.

पण एक गोष्ट मी मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला सांगते : हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. आत हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही अर्ध बंदुकीसारखे उडतात. माणसाच्या तोंडावर बसले तर काय होईल हे सांगायला नको. नटांचे दोन संच आहेत, हे नीट ओळखा. एक संच चाक ड्रमला धरतो, दुसरा रिमचे दोन अर्ध एकमेकांना. पंक्चर झाल्यावर घाईत चाक काढताना भलताच नट सोडला जातो. म्हणून चाकाला हात लावण्याआधीच पिन काढून टाका, हवा गेलेली दिसत असली तरी.

जोडताना ट्यूब दोन अर्धांच्या फटीत सापडत नाही ना हे पूर्ण गोल फिरून बघा, ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवा, आणि नट समोरासमोर थोडे थोडे आवळत जा.

प्रश्न (पनवेल) : अॅक्टिव्हाला ट्यूबलेस टायर आहेत. पायाच्या पंपाने घरी बसवता येतील का? एका मित्राने पेट्रोल टाकून पेटवून टायर बसवल्याचा व्हिडिओ पाठवलाय.

उत्तर : तो व्हिडिओ काढून टाका, मित्रालाही सांगा. आतल्या वाफेचा स्फोट करून कड बसवायची ती पद्धत आहे, प्रेशर किती होईल यावर कोणाचा ताबा नसतो.

ट्यूबलेसमध्ये हवा टायर आणि रिम यांच्यामधल्या जागेतच धरली जाते. कड दोन्ही बाजूंना काठाला भिडेपर्यंत आत भरलेली हवा निसटत राहते, म्हणून एकदम जोरात हवा सोडणारा कॉम्प्रेसर लागतो. पायाच्या पंपाची हवा तेवढी भरभर येत नाही. शिवाय ट्यूबलेसची कड रिमच्या उंचवट्याला घट्ट धरून बसते, ती सोडवायला मशीन लागतं. अलॉय चाकावर पट्टी घासली आणि काठावर ओरखडा पडला, की तिथूनच हवा झिरपायला लागते. टायर दुकानातच बदला. तिथे उभे राहा, बाण आणि तारखेचे चार आकडे स्वतः बघा, रबरी व्हॉल्व्ह नवा घालायला सांगा. तुमच्या हातचं घरचं काम म्हणजे आठवड्यातून एकदा थंड टायरचं प्रेशर बघणं. दहा इंची लहान चाकाला कमी हवा लगेच बाधते.

प्रश्न (कोल्हापूर) : पल्सरला मागे एक-दोन मापं रुंद टायर टाकला तर ग्रिप वाढेल का? मित्र म्हणतात गाडी भारी दिसते.

उत्तर : दिसते, मान्य. ग्रिप वाढत नाही. रिम तेवढीच राहते, त्यामुळे रुंद टायरच्या बाजू आत दाबल्या जातात आणि मधला भाग जास्त फुगीर होतो. सरळ जाताना उलट कमी रबर रस्त्याला लागतं, आणि वळणावर गाडी पडताना जड वाटते. डबलसीट खड्ड्यात गेली की टायर चेन कव्हरला किंवा मडगार्डला घासतो. कंपनीने दिलेलं माप ठेवा आणि उरलेल्या पैशांत पुढचा टायर बदला. पुढचा बहुतेकांचा गोटा झालेला असतो आणि कोणी बघत नाही. नक्षीच्या खोबणीत रबराचे लहान उंचवटे असतात, त्यांची जागा बाजूला छोट्या त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय अशा अक्षरांनी दाखवलेली असते. नक्षी त्या उंचवट्यांपर्यंत खाली आली की टायर संपला.

प्रश्न (बारामती) : बदललेले जुने टायर घरी साठलेत. होळीत जाळावेत की भंगारात द्यावेत?

उत्तर : जाळू नका. त्या काळ्या धुरात गंधक आणि काजळी असते, दमा असलेल्या माणसाला ती रात्र काढणं अवघड होतं. गच्चीवरही टाकू नका. टायरच्या पोटात साठलेलं पाणी सहजासहजी आटत नाही, आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन्महिने कोरडी टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात.

नवा टायर घेतलात त्याच दुकानात जुना द्या. २०२२ पासून वापरलेल्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमाने उत्पादकांवर आलेली आहे, आणि मोठे विक्रेते जुना माल एकत्र करून पाठवतात. भंगारवाल्याला देणार असाल तर तो पुढे कुठे देतो ते विचारा. एखादा टायर कुंडीसाठी किंवा गोठ्याच्या भिंतीला लावायला ठेवायचा असेल, तर त्याच्या खालच्या बाजूला तीन-चार ठिकाणी बोट जाईल एवढी भोकं पाडा, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा हलवून पाणी राहिलंय का बघा.